ओली भिंत

आमच्या घरात भिंतींवर कमरेच्या उंचीला एक काळपट पट्टा उमटला होता. आतल्या खोलीत पलंगाच्या उशापासून तो निघायचा, दाराच्या चौकटीवरून बाहेरच्या खोलीत यायचा, खिडकीखालून आणि टीव्हीमागून मोरीपर्यंत जायचा. दुसरा फाटा बाहेरच्या दरवाज्यापाशी येऊन संपायचा. दरवाज्यापलीकडे जिन्यात भिंत स्वच्छ होती. तो पट्टा माझ्या नवऱ्याच्या हातांचा होता. भिंत धरल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नव्हतं आणि दरवाज्यापुढे ते पाऊल टाकत नव्हते.

यातली गंमत अशी की माझा नवरा पेंटर. आजूबाजूचे सगळे त्यांना पेंटरच म्हणतात आणि रागावले की मीही म्हणते. लोकांच्या भिंतीला कुणी बोट लावलं तर हा माणूस दिवसभर धुसफुसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे कमरेच्या उंचीवर होता.

ते पडले कसे हे आधी सांगते, कारण बाहेर जे सांगितलं गेलंय ते खोटं आहे. बाहेर सांगितलंय की पेंटर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडले. खरं म्हणजे ते घोडीच्या दुसऱ्या पायरीवरून पडले. दोन्हीकडे पाय पसरून आपली आपण उभी राहते ना, ती शिडी, तिला हे लोक घोडी म्हणतात. दुसरी पायरी म्हणजे खालून दुसरी. तिथून लहान मूलसुद्धा हसत उडी मारेल.

पण पेंटर लोकांना एक खोड असते. भिंत पुरी झाली की दोन पावलं मागे सरायचं, मान तिरकी करायची आणि बघायचं. त्या दिवशी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीतला शेवटचा कोपरा झाला. रंग मनासारखा बसला. आणि तो बघायला हे मागे सरले. आपण अजून घोडीवर आहोत हे डोक्यातच आलं नाही. खाली फरशांची थप्पी होती, तिच्या कडेवर खुबा आपटला.

त्यांच्यात एक रीतही आहे. वरचा माणूस पाय हलवण्याआधी विचारतो, "धरली?" खालचा घोडी घट्ट धरून म्हणतो, "धरली." उत्तर आल्याशिवाय वरच्याने हलायचं नाही. दुसऱ्या पायरीसाठी कसलं आलंय विचारणं, म्हणून त्या दिवशी यांनी विचारलं नाही. खाली धरायला असायचा तो यांचा धाकटा भाऊ. उंचीमुळे सगळे त्याला उंट म्हणतात. तो तेव्हा ब्रश धुवायला गेला होता. त्यानंतर त्याने ती घोडी आणि उरलेसुरले रंगाचे डबे आमच्या घरी आणून टाकले. म्हणाला, वहिनी, या घोडीवर मी पुन्हा चढणार नाही. दर रविवारी तो यायचा, फळं ठेवायचा, दारातच उभा राहून भावाची चौकशी करायचा आणि जायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही.

हाड जुळलं. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला आणि सांगितलं, आता चाला, न चालण्याचं काही कारण उरलेलं नाही. डॉक्टरांचं काय जातं. घरी आल्यावर पेंटरांनी काठी कोपऱ्यात उभी केली ती कायमची. काठी म्हातारे धरतात म्हणे. म्हणून त्यांनी भिंत धरली. मी हात पुढे केला की माझा हात धरायचे. मोकळ्या जागेत एकटे मात्र एक पाऊल नाही. खोलीच्या मधोमध ठेवलेलं वर्तमानपत्र हवं असेल तर मला हाक मारायचे. दोन पावलांवरचं वर्तमानपत्र.

खाली जायचं तर नावच नको. जिन्याला कठडा आहे, तो धरून उतरता आलं असतं. पण खाली दुकानवाला विचारणार, "काय पेंटर, तिसऱ्या मजल्यावरून पडूनही वाचलात?" आणि यांना पुन्हा तेच खोटं सांगावं लागणार. एक खोटं बोलून माणूस घरात किती दिवस स्वतःला कोंडून घेऊ शकतो हे मी जवळून पाहिलंय.

आणि त्यांच्याबरोबर मीही कोंडले गेले होते. मी रुग्णालयाच्या लाँड्रीत काम करते. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले. मोठ्या यंत्रातून गरम चादर बाहेर येते, दोघी जणी दोन टोकं धरतो, झटकतो, घडी घालतो. दिवसभर वाफ, घाम आणि बायकांच्या गप्पा. मला ते काम आवडतं. कुणाला हसू येईल, पण मला त्या चादरींची आठवण यायची. घरात अंघोळीलासुद्धा मी नळ बारीक सोडायची, पडल्याचा आवाज आला तर ऐकू यावा म्हणून. भाजीला निघाले की जिन्याच्या वळणापर्यंत पोचते न पोचते तोच वरून हाक यायची. काम काही नसायचं. मी आहे की नाही, एवढंच बघायचं असायचं. रात्री झोपेतही माझा एक कान जागा असायचा.

आमच्या लाँड्रीतल्या मोठ्या बाईंनी माझी जागा बरेच दिवस राखली. शेवटी निरोप आला की सोमवारी आलीस तर ये, नाहीतर दुसरीला घेते, माझाही नाइलाज आहे. तो शनिवार होता. जेवताना मी पेंटरांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"तू गेलीस आणि मी पडलो तर?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला उत्तर शोधणंही सोडलं होतं. जाऊ नकोस असं ते कधीच म्हणत नसत. तसं म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. या वाक्याशी भांडणार कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी ताटं उचलली. ते भिंत धरत धरत आत गेले, पलंगावर आडवे झाले आणि घोरायला लागले. ती झोप बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी फडकं ओलं करून तो पट्टा पुसायला लागले. का, ते विचारू नका. कुणाच्या तरी अंगावर जायचं होतं, भिंत सापडली. पट्टा पुसला जाईना, उलट पसरला. तेव्हा मला उंटाने आणलेले डबे आठवले. खुर्च्या, टेबल, कोपऱ्यातली काठी, सगळं मी ओढून स्वयंपाकघरात ओट्यापाशी रचलं, खाली वर्तमानपत्रं पसरली आणि हिरव्या ऑइल पेंटचा डबा फोडला. छातीच्या उंचीपर्यंत बाहेरची सगळी खोली हिरवी केली. दोन्ही दारांच्या चौकटी केल्या. इतकी वर्षं पेंटरची बायको म्हणवून घेतलं, पण ब्रश हातात धरायची ती पहिलीच वेळ. ओघळ आले, ब्रशचे केस भिंतीला चिकटले, पण पट्टा गेला. मला फार बरं वाटलं.

खालचं हिरवं झाल्यावर वरचं पांढरं मळकट दिसायला लागलं. आता थांबवेल कोण? पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा काढला, घोडी उघडून उभी केली आणि वर चढले. मला उंचीची भीती वाटते हे मला माहीत होतं. रागात विसरले.

वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचावा म्हणून मी जरा पुढे झुकले आणि घोडी खालून कुरकुरत किंचित फाकली. फार नाही. पण मी खाली पाहिलं, आणि संपलं. घोडीच्या दोन पाखांना बांधून ठेवणारी लोखंडी कडी असते, ती मी लावलीच नव्हती. शिवाय पाय वर्तमानपत्रावर, वर्तमानपत्र गुळगुळीत फरशीवर. मी हलले की पाय आणखी फाकणार. एका हातात ब्रश, दुसऱ्याने वरची पायरी आवळलेली. पाय थरथरायला लागले, आणि पायांच्या थरथरीने घोडीही थरथरायला लागली.

"अहो," मी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले.

आतून त्यांनी विचारलं काय गं. मी म्हणाले, मी अडकलेय. पलंग करकरला. भिंतीवरून हात सरकण्याचा तो सवयीचा आवाज आला आणि ते मधल्या दारात उभे राहिले. सवयीने चौकट धरली आणि लगेच हात मागे घेतला. चार बोटं हिरवी झाली होती. त्यांनी बोटांकडे पाहिलं, खोलीभर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कडी लावली नाहीस," ते म्हणाले. "आणि घोडीखाली कागद? घोडीखाली कुणी कागद घालतं का?"

मी जिवाच्या भीतीने गारठलेली, आणि हा माणूस माझ्या कामातल्या चुका काढत होता. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी सांगितलं, भिंतीला हात टेक, आधार होईल. भिंत माझ्यापासून हातभरसुद्धा लांब नव्हती.

"ओली आहे," मी म्हणाले.

आज आठवलं की मला माझंच हसू येतं. मान मोडायची वेळ आली होती आणि मी ओल्या भिंतीला हात लावायला तयार नव्हते. पण ज्या घरात ओल्या भिंतीला हात लावणं हे खोटं बोलण्यापेक्षा मोठं पाप, तिथे मी आयुष्य काढलं होतं. हात उचललाच गेला नाही. मी म्हणाले, तुम्हीच भिंत धरून या ना. त्यांनी हात पुढे नेला, भिंतीच्या अगदी जवळ, आणि तसाच मागे घेतला. त्यांनाही जमेना. दोघंही शहाणे. हाताशी आधार असून दोघंही जागच्या जागी खिळलो होतो.

मी हाका मारल्या. खालचं दुकान दुपारी बंद असतं आणि दरवाज्याला आतून कडी होती. ती कडी मात्र मी न विसरता लावली होती. खोली इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती. धरायला एक खुर्ची नाही, एक टेबल नाही. त्यांच्या आणि माझ्यामध्ये नुसती फरशी.

"मला येता येणार नाही," ते म्हणाले. सरळ म्हणाले, सबब न सांगता. "पाय म्हणतात की तू पुन्हा पडणार. पडलो तेव्हाही मला कळलं नव्हतं बघ. मी जमिनीवरच आहे असं वाटलं होतं. आता जमिनीवर असलो तरी खरं वाटत नाही."

इतक्या महिन्यांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि रडताही येईना, कारण रडले तर हलले असते. मी म्हणाले, राहू दे, मी इथंच थांबते. टोमणा नव्हता तो. खरंच दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात घोडीचा मागचा पाय पुन्हा सरकला. डिस्टेंपरचा डबा कलंडून खाली आदळला. मी डोळे घट्ट मिटून घेतले. आता पडणार, आणि पडले की यांना उठवायला कुणी नाही आणि मला उठवायलाही कुणी नाही, एवढंच डोक्यात आलं. डोळे उघडले तेव्हा पेंटर खोलीच्या मधोमध होते. दोन्ही हात बाजूला पसरलेले, तोंड अर्धवट उघडं, नजर घोडीच्या पायावर. नवीन चालायला लागलेलं मूल चालतं तसे चालत होते. सांडलेल्या रंगात पाऊल पडलं आणि ते डुलले. ते सावरले, आणखी एक पाऊल टाकलं, आणि घोडीवर जवळजवळ कोसळलेच. दोन्ही हातांनी दोन्ही पाखं आवळली आणि गुडघ्याने दाबून आत ओढली. कडी खटकन बसली.

खाली फक्त त्यांच्या धापांचा आवाज येत होता. आता उतरायला हरकत नव्हती, पण माझे पाय उतरायला तयार नव्हते. ते म्हणाले, ये. मी मान हलवली. पुन्हा म्हणाले. मी पुन्हा मान हलवली.

"विचार," ते म्हणाले.

"काय विचारू?"

"वरचा जे विचारतो ते विचार."

"धरली?" मी म्हणाले.

"धरली. उतर."

मी उतरले. कशी उतरले माहीत नाही, पण प्रत्येक पायरीला विचारलं आणि प्रत्येक पायरीला त्यांनी उत्तर दिलं. खाली आल्यावर मी फरशीवरच बसले. ते घोडीला टेकून उभे राहिले. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं आणि कपाळाला आठी पडली.

हे काय केलंस, असं म्हणत त्यांनी ओघळ दाखवले. ब्रश एका दिशेने ओढायचा असतो. डबा ढवळला नव्हतास, म्हणून रंग खाली गडद, वर फिका. आणि रुग्णालयाचा हिरवा राहत्या घराला कोण देतं? बोलता बोलता त्यांनी मान तिरकी केली, आणि भिंत नीट दिसावी म्हणून दोन पावलं मागे सरले.

मी हात पुढे केला होता. तो तसाच हवेत थांबवला. आपण काही न धरता मोकळ्यात उभे आहोत हे त्यांना कळलं होतं. ते जागीच थिजले. मागे काही नाही, बाजूला काही नाही, घोडी पुढ्यात पण हाताच्या पलीकडे. खोलीच्या मधोमध ते तसेच उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांना हात द्यावा असं मला फार वाटलं. मी तो हात मांडीखाली दाबून बसले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "कोपरा राहिलाय वरचा." मग स्वतःच चालत स्वयंपाकघरात गेले आणि रचलेल्या सामानातून काठी उपसली. काठी टेकत परत आले. म्हाताऱ्यासारखे दिसता, असं म्हणायची माझ्या जिभेवर अगदी आलं होतं. पहिल्यांदाच मी जीभ आवरली.

रविवारी उंट आला, दारात थबकला. पेंटरांनी त्याला आत बोलावलं, चौकटीला हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि बसवलं. म्हणाले, तू तिथे असतास तरी मी पडलो असतो, कारण मी विचारलंच नसतं, आणि पडलो ते दुसऱ्या पायरीवरून, खालच्या दुकानदारालाही सांग. उंटाने चहाच्या कपात नाक घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही. जाताना घोडी खांद्यावर टाकून घेऊन गेला.

सोमवार उजाडला. मी डबा भरला, त्यांचं जेवण झाकून ठेवलं, चप्पल घातली. ते खुर्चीत बसले होते. ते वाक्य म्हणाले नाहीत. मी त्याची वाट बघत दारात उगाच रेंगाळले, तरी म्हणाले नाहीत. मी निघाले.

जिन्याच्या वळणावर माझे पाय थांबले. हाक येईल म्हणून थांबले. हाक आली नाही. मला वाटलं, आता काहीतरी आपटल्याचा आवाज येईल. तोही आला नाही. मी कठडा धरून उभी. खाली रस्त्यावर रहदारी चालू होती, लाँड्रीला जायची गाडी चुकायची वेळ झाली होती, आणि मला ना वर जाता येईना, ना खाली. मोठ्या तोऱ्यात मी इतके महिने मनाशी म्हणत होते की यांच्यामुळे मी अडकलेय. आता कुणी अडवत नव्हतं. माझेच पाय जिन्याला चिकटले होते, आणि मला इतकी भीती वाटत होती की घोडीवरही तेवढी वाटली नव्हती.

वर काठीचा आवाज झाला. मी मान वर करून पाहिलं. पेंटर दरवाज्यात आले होते. चौकटीचा रंग अजून चिकट होता, म्हणून तिला न टेकता बरोबर मधोमध उभे होते. पाय उंबऱ्याबाहेर होते. त्यांनी मला पाहिलं, माझा कठड्यावरचा हात पाहिला. जा म्हणाले नाहीत. नुसते थांबले.

"धरली?" मी विचारलं.

"धरली," ते म्हणाले. "उतर."

मी कठडा सोडला आणि उतरले.